राख मिसळलेली टाकी

ओल्या सिमेंटचा वास आला की मला आमचे हे आठवतात. आम्ही राहायचो ते रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. हे धरणाच्या कामावर मिस्त्री होते. तिथलं पाहून त्यांनी घरच्या टाकीच्या सिमेंटातही वीज कारखान्यातली कोळशाची राख मिसळली.

मी म्हटलं, “राखेनं भांडे घासतेत. पोट्टीच्या लग्नात टाकी गळली तं लोक हासतील.”

“राखेचं काँक्रीट हळू पकते, पण पाणी धरते. चिडून काहून राहिली?”

सिमेंट ओलं राहून पक्कं व्हावं म्हणून माझी जुनी लुगडी भिजवून ते रोज टाकीला गुंडाळत. शेजारीण विचारी, “दीदी, टाकी बाळंत झाली का?”

लग्नात टाकी काठोकाठ भरली, भिंत कोरडीच राहिली. यांनी व्याह्यांना आधी टाकीपाशी नेलं, मग मांडवात. तेव्हा मी भडकले. आता कळतं, धरणावर मिस्त्र्याचं नाव कोणी लिहीत नाही. टाकी तेवढी त्यांची होती.