टाकी कोणी चढवली?

माझी कुठलीही गोष्ट निम्मी कापून ऐकायची, असा आमच्या भिलाईच्या रिसाली वस्तीत रिवाज आहे, आणि तो रास्तच आहे. कारखान्यात मी क्रेन चालवत असे. उकळत्या पोलादाची बादली आपण करंगळीनं उचलायचो, असं एकदा बोलून बसलो, तर नातवंडं अजून माझी करंगळी दाबून बघतात. पण ही गोष्ट मी काहीही न वाढवता सांगतो आहे. वाढवायला आधी ती आपल्याला नीट समजलेली असावी लागते.

दत्तमंदिरात गुरुवारी भजनाला जमणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांची एक छोटीशी संस्था आहे. संस्था म्हणजे मंदिरामागची पत्र्याची खोली आणि सुलभावहिनींचा आवाज. वहिनी माझ्या दिवंगत मित्राची बायको. त्यांचा भाचा आफ्रिकेत, मलावीत नोकरीला होता. त्यानं तिथला एक अनाथाश्रम फोनवरून दाखवला आणि भिलाईच्या म्हाताऱ्यांना समुद्रापलीकडे नातवंडं मिळाली. लोक विचारतात, इथल्या खुर्सीपारच्या झोपड्यांत गरीब कमी पडले काय? नाही पडले, तिकडेही जातोच आम्ही. पण एखाद्या पोरानं रोज फोनमधून हात हलवला, की तो कुठल्या देशाचा हे लक्षात राहत नाही.

ही पोरं पाणी नदीवरून आणत, आणि नदीत मगरी. मी सांगताना मगर मालगाडीएवढी करतो. तुम्ही ती साधीच धरा. साध्या मगरीनंही एका मुलीचा हात नेला. चिसोमो तिचं नाव. त्यानंतर आश्रमातच पाणी आणायचं, या एकाच कामाच्या मागे आम्ही सगळे लागलो. बोअर झाली, विटांचा उंच बुरूज झाला, आणि लोखंडी टाकी वर चढवायची तेवढी राहिली. तिकडे क्रेन मिळेना, पाऊस तोंडावर आला. गावकरी दोर आणि कप्पी लावून टाकी ओढायला तयार होते, पण सांगायला जाणकार हवा होता. मी छाती ठोकून म्हणालो, "ती टाकी म्हणजे माझ्यासाठी शेंगदाणा! इथं बसून चढवतो."

बोलताना एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. जन्मभर मी इशारे पाळले होते, दिले कधीच नव्हते. कारखान्यात खाली इशारे देणारा खलाशी उभा असायचा. तो हातानं दाखवायचा, आणि वर केबिनमध्ये बसून मी तेवढंच करायचो.

ठरल्या दिवशी दुपारी मंदिरात, दत्ताच्या मूर्तीसमोर, वहिनींची सून मंजू हिनं फोन उभा करून ठेवला. पलीकडे आश्रम चालवणारी एस्तेर होती. मंजू तिच्याशी इंग्रजीत बोलणार आणि मी सांगणार. दोर ताणला गेला, टाकी जमिनीवरून सुटली, निम्म्यावर पोचली, आणि त्यांचा आवाज गेला. नुसती हलणारी तोंडं दिसू लागली. तेवढ्यात वाऱ्यानं टाकी तिरकी झाली, आणि नेमकी खाली लहान पोरं टाळ्या पिटत गोळा झाली होती. पुढे चिसोमो.

"पोट्ट्यायले हटवा ना भाऊजी!" वहिनी किंचाळल्या. "शेंगदाना म्हनत होते ना? आता कावून थरथरून राहिले?"

मंजू फोनची बटणं दाबत बसली. मी मराठीत ओरडलो, हिंदीत ओरडलो, मग नुसतं "दत्ता! दत्ता!" सुरू केलं. आणि माझे हात उठले. तळवा आडवा: थांब. मला न विचारता उठले ते.

त्याच क्षणी फोनमध्ये बुरुजाखाली एक म्हातारा आला. डोक्यावर लाल टोपी, काखेत कोंबडी. त्यानंही तळवा आडवा धरला. दोर थांबला. त्यानं हात झटकला, पोरं मागे पांगली. मग माझं बोट वर फिरलं, त्याचंही फिरलं. मी हळू म्हटलं, त्यानं हळू दाखवलं. टाकी सरळ झाली, वर सरकली, बुरुजावर टेकली. वहिनी पाणी देत म्हणाल्या, "तुमचं सगळं आयकलं त्या मानसानं. पहिल्यांदाच कोनी आयकलं तुमचं."

मीही तेच समजून दोन दिवस सगळ्या पावर हाउस बाजारात फुशारक्या मारत फिरलो. मग मंजूकडे एस्तेरचा फोन आला. तिनं आभार मानले आणि सहज म्हणाली, आमच्याकडे तुमचं चित्र पहिल्यापासूनच नव्हतं, फक्त आवाज येत होता. तो 'दत्ता, दत्ता' ऐकून लोक त्याच तालावर दोर ओढू लागले. आता पोरं बादली उचलतानाही तेच म्हणतात. टोपीवाला कोण, असं मी विचारायला लावलं, तर म्हणाली, सायकलवरून चालला होता, पाणी पिऊन गेला. नाव विचारायचं राहून गेलं.

म्हणजे माझे हात तिकडे कोणालाच दिसले नव्हते.

मंजू म्हणते, "काका, त्यानं कुठं तरी बंदरात काम केलं असेल. इशारे सगळीकडे सारखेच असतात." असेल. पण मग तो माझ्याबरोबर हात हलवत होता कसा? की मी त्याच्याबरोबर? आधी कोणाचा तळवा आडवा झाला, हे मी पुष्कळ आठवून पाहिलं. जितकं आठवावं तितका गुंता वाढतो. केबिनमध्ये असताना धुरात खालचं काही दिसत नसे, खलाशाचा हात तेवढा दिसायचा. त्याला मी कधी 'कावून' विचारलं नाही. तो खाली उभा राहून बघतो आहे, तेवढं मला पुरायचं. त्या दुपारी मी इशारे देतो आहे असं मला वाटलं. आता वाटतं, मी नेहमीसारखे पाळतच होतो.

गुरुवारी मी मूर्तीपुढे थोडा जास्त वेळ थांबतो. दत्ताचे सहाही हात न्याहाळतो. इशारा करायला एकही रिकामा नाही, प्रत्येकात काही ना काही धरलेलं आहे. तिकडे नळाला पाणी आलं आहे, आणि चिसोमो एका हातानं तोटी फिरवून दाखवते. तिच्यासाठी आधी आभार मानतो. मग माझे दोन्ही हात जोडून उभा राहतो. पुढचा इशारा येईल तेव्हा येईल.