अर्धा कप

भोंगवलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशी दुपारच्या जेवणानंतर चहाला येतात. बशीत ओतून, फुर्र आवाज करत पितात. समोर कुणी नुसतं बसलेलं असताना चहा पिणं त्यांना पटत नाही, म्हणून अर्धा कप आमच्या गरोदर सुनेला देतात. "घे गं, दोन जिवांची हायेस."

सुनेच्या अंगात रक्त कमी आहे. सकाळी मळमळतं, म्हणून तिची लोहाची गोळी दुपारी असते. गोळीच्या मागंपुढं तासभर चहा नको, नाहीतर लोह अंगी लागत नाही, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. मी पडलो हिशेबी माणूस. एके दिवशी भिंतीवरचं घड्याळ दाखवून मावशींना मिनिटांसकट सगळं समजावलं. त्या कप खाली ठेवून निघून गेल्या.

"आता शेजाऱ्यांचे घोट मोजत बसा!" बायको म्हणाली.

मावशी फिरकेनात. मग एका दुपारी डोक्याला फडकं घट्ट बांधून, पदरात पेरू घेऊन आल्या. बायकोनं चहाचं विचारलं.

"न्हाई. पोरगी बाळंत होईस्तवर म्या बी सोडलाय. तिनं बघत बसायचं अन् आमी फुर्र करायचं, व्हय? डोकं लई ठणकतंय, पर ऱ्हाईन."

सुनेनं हसत गोळी घेतली आणि पेरू चावायला लागली.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. "तुमचं चालू द्या, भाऊ."

घड्याळाखाली, सुनेच्या समोरच बसून, मी रोजच्यासारखा चहा पीत होतो.