मी हरले तो निकाल

आमच्या गावात मोहाच्या झाडाचा कायदा कुठे लिहिलेला नाही. शेत कोणाचंही असो, झाडाखालचा पाला जे घर पिढ्यान्‌पिढ्या झाडत आलं, फुलं त्या घराची. एवढाच कायदा.

मला तो पटला नव्हता. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या धानाच्या बांधीतला, म्हणजे भाताच्या खाचरातला, मोह गावाबाहेरच्या टोलीतली एक म्हातारी वेचायची. आमची बांधी, आमचं झाड, मग हिची टोपली कशाला? मी गावाची बैठक बसवली. गावाने एकच विचारलं, आजवर तिला कोणी अडवलं होतं का? नव्हतं. निकाल तिच्या बाजूने लागला. मी वर्षभर कोणाशी धड बोलले नाही. आजही तो निकाल मला गोड वाटत नाही.

या माघात माझ्या शेजारणीवर पाळी आली. नवरा गेलेला, दोन लेकरं, आणि चैत्रातला मोह विकूनच तिचं मीठ-तेल निघतं. तिच्या सासूपासूनचं झाड ज्या बांधीत आहे, ती एका तरण्या माणसाने विकत घेतली आणि भोवती काट्या लावल्या. गाव बसलं. मी न बोलावता गेले.

"माझा निकाल आठवा," मी म्हणाले. "मले जे नाही मिळालं, ते याले कसं मिळते?"

"काकी, तवा उन्हाळ्यात बांधी कोरडी राहे," तो म्हणाला. "मी उन्हाळी धान लावून राहिलो. हे बाई वेचाले आली का माझा रोवणा तुडवते. दोन्ही गोष्टी एक कशा?"

बोलणं खरं होतं. तो माझ्याकडे वळला.

"आन् तुम्ही कायले मधात पडता? तुमचं काय जाते?"

"माझं गेलंच आहे ना, बापा. म्हणून त बोलून राहिली."

लोक हसले. तोही हसला. मग मी विचारलं, "झाडाच्या सावलीत धान किती भरते, सांग."

"नुसती तणस होते, दाणा भरत नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

जुना निकाल कायम राहिला, त्याला नवं शेपूट लागलं. सावलीएवढी जागा सोडायची आणि भोवती मातीचा लहान धुरा, म्हणजे बांध, घालायचा. आत पाणी नाही, रोवणा नाही. तिने धुऱ्यावरूनच यायचं, आणि पाला झाडायचा, जाळायचा नाही.

गोंदियाला वकिली शिकणारी माझी नात म्हणते, कोर्टातही असंच असतं. सारखं प्रकरण आलं की आधीचा निकाल काढतात, वेगळं काय आहे तेवढं तपासतात. मी म्हटलं, "मंग तू इतकी वर्षं काय शिकून राहिली?"

चैत्रात काट्या निघालेल्या होत्या. सकाळी शेजारीण टोपली घेऊन आली आणि सरळ धानात पाय टाकायला निघाली. मी माझ्या बांधीतून ओरडले, "अवं, धुऱ्यावरून चाल! तेबी ठरलं आहे."

ती मागे फिरली आणि धुऱ्यावर चढली. पुढे झाडाखाली, कोरड्या झाडलेल्या जमिनीवर, फुलं पडलेली होती.