माने सरांच्या क्लासातली खटखट

आमच्या टायपिंग क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणी तहसीलला, कुणी झेडपीत, कुणी कोर्टात. सकाळी गुड मॉर्निंगची फुलं येतात आणि दुपारपर्यंत कुणीतरी क्लासचा एखादा किस्सा टाकतंच. मग दुसऱ्याला दुसरा आठवतो. लातूरच्या त्या क्लासात मी आधी शिकले, मग तिथंच शिकवायला लागले. त्यामुळं निम्मे किस्से माझ्या डोळ्यांदेखत घडलेले!

* * *

मराठी मशीनवर काना वेगळा मारावा लागायचा. साधा 'ग' काढायचा तरी दोन बटणं: आधी अर्धा ग, मग काना. जळकोटच्या एका पोराचा स्पीड काही केल्या वाढेना. एक दिवस मात्र त्यानं सगळ्यांच्या आधी पान संपवलं आणि क्लासच्या मालकांपुढं, म्हणजे माने सरांपुढं धरलं. सर बघतात तर पानभर एकही काना नाही!

"हे काय रे?"

"सर, स्पीड तर आला. काने नंतर एकदम मारतो!"

सर शांतपणे म्हणाले, "बरं. नोकरी लागली की पगार बी नंतर एकदमच घे."

* * *

निलंग्याची एक मुलगी लग्न होऊन लातुरात आली आणि क्लासला यायला लागली. एकटी नाही, सासूसकट! "पोरं-पोरी एकत्र बसत्यात म्हणं," म्हणून सासूबाई रोज शेजारी स्टुलावर बसून पहारा द्यायच्या. सुरुवातीला त्यांची नजर पोरांवर असायची. मग हळूहळू ती सुनेच्या बोटांवर आली. एक दिवस मी काही बोलायच्या आधी त्याच खेकसल्या, "अगं, करंगळी! करंगळीनं मार की!"

निकालाच्या दिवशी पेढ्याचा पुडा घेऊन सासूबाईच पुढं. "मॅडम, आमी पास झालो!"

* * *

वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड गुरुजी आमच्या खटखटीला लई वैतागलेले. जिना उतरून दम द्यायचे. पुढं मशीनवरची परीक्षा बंद झाली, कॉम्प्युटर आले, क्लास एकदम गप्प झाला. थोड्याच दिवसांत गुरुजी पुन्हा खाली आले. आम्हाला वाटलं, आभार मानतील.

"एखादं मशीन दुपारचं चालू ठेवा की हो. झोपच येईना झालीय!"

* * *

बहुतेक मशीनं भंगारात गेली. एक चांगलं होतं, ते नांदेडच्या एका हॉटेलवाल्यानं शोभेला नेलं. मग त्याचा फोन. "मॅडम, लोकं मशीनपुढं बसून रील काढून राहिलेत, पण नुसती बोटं आपटत्यात. आमच्या वेटरला जरा शिकवता का? तो दाखवंल लोकांना."

माझं माहेर नांदेडचं, गेले. वेटर मिशा पिकलेला, पण हात हलका. 'ए एस डी एफ' पटकन बसलं. निघताना त्यानं मला दारापाशी गाठलं.

"मॅडम, सर्टिफिकेट भेटंल का?"

* * *

मशीनं चालू होती तेव्हाची ही मंगल, किल्लारीकडची. आई-वडील रोजमजुरीवर. बहिणीकडं राहून ती थर्टी, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झाली होती, फोर्टी चालू होती. तिला एक स्थळ आलं, मुलगा नोकरीवाला. घरचे खूश. बघण्याचा कार्यक्रमही झाला.

एक दिवस मुलाचे वडील चौकशीला थेट क्लासात आले. सरांनी खुर्ची दिली. शेजारच्या मशीनवर मंगलच बसली होती. ती उठायला लागली तर म्हणाले, "बस बाई, तुझं चालू दे."

मग सरांकडं वळून बोलत सुटले. "पोरगी रंगानं कमी हाय, पण म्हटलं टायपिंग हाय. नोकरी लागंल ना नक्की? लागणार असंल तर सोन्याचं बघू कमीजास्त. न्हाईतर गाडी द्यावीच लागंल. बाप मजुरी करतो म्हणून आमी जास्त ताणत न्हाई."

सर एवढंच म्हणाले, "पोरगी हुशार आहे."

मंगलचं मशीन चालूच होतं. मी तिच्या मागं उभी होते. कागदावर काय उमटतंय ते दिसलं. स्थळावर खूश असलेल्या तिच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती थांबली नाही.

पाहुणे उठले. मंगलनं कर्रकन कागद ओढला, उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला.

"मामा, तुमचंच बोलणं हाय. वाचून बघा. बरोबर असंल तर खाली सही करा."