संकष्टीचा शनिवार

नव्वदच्या दशकातली गोष्ट. परदेशात, पासिर रिसला आमच्या फ्लॅटच्या दोन मजले खाली एक मराठी बाई राहतात, हे मला कळायला सहा महिने लागले. माझा नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातले आठ महिने समुद्रावर. घरात मी आणि कामाला ठेवलेली जावा बेटावरची एक बाई, साधारण माझ्याच वयाची. इंग्रजी दोघींचंही मोडकं. मराठी बोलायला माणूस नाही म्हणून मी भिंतींशी बोलायच्या बेतात होते. या खालच्या बाई निघाल्या अलिबागकडच्या ज्यू, मुलगा शिपयार्डात. मी त्यांना मावशी म्हणायला लागले आणि दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जायला लागले.

शनिवार हा त्यांचा धर्माने काम वर्ज्य असलेला दिवस, म्हणून त्या गॅस पेटवत नसत. शुक्रवारीच करून थर्मासमध्ये ठेवलेला चहा मिळे, कडू आणि कोमट. तो मी निमूट पीत असे. मग मावशी चष्मा लावून त्यांच्या धर्मग्रंथातले जुने संदेष्टे मराठीतून वाचून दाखवत. मला ही माणसं फार आवडायची. भरल्या सणात उभं राहून, गरिबाला नाडून आणलेला नैवेद्य देवाला नको, असं तोंडावर सांगणारी. हे बोल कोणाला लागू पडतात म्हणून मला नेहमी दुसरंच कोणीतरी आठवायचं. बहुतेक वेळा माझी थोरली जाऊ.

एका शनिवारी संकष्टी आली. मी उपास करते हे मावशींना ठाऊक होतं, पण त्यांनी ते पान मुद्दाम काढलं की सहज, कोण जाणे. त्यात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही एवढे उपास केले, तुला ते दिसत कसे नाहीत. संदेष्टा त्यांना सुनावतो की उपासाच्या दिवशीही तुमचे कामकरी राबतातच, मग हा कसला उपास.

"बरं झाडलंय," मी खुशीत म्हणाले.

मावशींनी पुस्तक मिटलं. "आमच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद. गावात आम्हाला शनिवार तेलीच म्हणायचे. बैलालासुद्धा सुटी. आणि आधी बैलाला पेंड, मग घरातल्यांची पानं." मग त्यांनी विचारलं, "तुझी बाई आज काय जेवली गं?"

"जेवली असेल की."

असं म्हणाले खरी, पण मला काही आठवेना. सकाळी तिने दाणे भाजले, कूट केलं, खिचडी केली. भाताचा कुकर संकष्टीला संध्याकाळपर्यंत लागतच नसे. मी चहा अर्धा टाकून उठले आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढले.

ती ओट्यापाशी मोदकांसाठी नारळ खवत होती. काय खाल्लंस, मी विचारलं.

"नथिंग, मॅम. मून डे."

पहिल्या संकष्टीला मीच तिला बजावलं होतं: "नो टेस्टिंग. फॉर गॉड." नैवेद्य उष्टा होऊ नये एवढंच मला म्हणायचं होतं. तिने त्याचा अर्थ घेतला की आज चंद्र दिसेपर्यंत या घरातलं काहीच आपल्यासाठी नाही. पाणीसुद्धा नाही. गेलं वर्षभर, प्रत्येक संकष्टीला. मी मात्र खिचडी, केळी आणि तीन वेळा कॉफी घेऊन उपास करत होते.

मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर आधी राग आला. हिने तोंड का उघडलं नाही म्हणून हिचा, मग नको ते विचारणाऱ्या मावशींचा, मग त्या संदेष्ट्याचा. त्यानंतर रागवायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

मी तिच्या हातातून नारळ काढून घेतला आणि कुकर लावला. घरात भाजी नव्हती, म्हणून ऑम्लेट केलं, तेही संकष्टीला, सासूबाईंनी दिलेल्या गणपतीच्या फोटोसमोर. तिला टेबलाशी बसवलं आणि ताट वाढलं.

तिने ताटाकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"गॉड अँग्री, मॅम?"

"नॉट विथ यू," मी म्हणाले आणि तिला आणखी भात वाढला.