वजनकाटा बंद पडला तेव्हा

डिचोलीच्या कारखान्यातलं नेटवर्क मी आणि माझा सहकारी, आम्ही दोघंच सांभाळतो. स्विचसमोर बसला की तो आधी रुमालाने धूळ पुसतो, मग आकडे मोठ्याने म्हणत कमांड देतो. प्रत्येक वाक्याआधी त्याचं "पळय हां", म्हणजे बघ हं, ठरलेलं.

परवा पेडण्याची नवी शाखा जोडायची होती. तिथे वीस नंबरचा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला वेगळा कप्पा, कॅमेऱ्यांचा; आमच्याकडे वीसवर वजनकाटा. म्हणून तिकडून येणाऱ्या वीसचं इथे एकशेवीस करायचं, एवढंच मॅपिंग. त्याने ते भलत्याच पोर्टवर टाकलं. वजनकाटा बंद पडला, गेटवर ट्रकांची रांग लागली.

मला मनातून बरं वाटलं.

तो उठून सरळ रांगेकडे गेला आणि ड्रायव्हरांनाच मालक म्हणत बोलला, "चूक म्हजीच, पात्रांव. आतां करतां." मग येऊन त्याने मॅपिंग सुधारलं. एवढ्यावर ड्रायव्हर खूश! एकाने त्याला आपल्यातली पातळभाजी आणि पाव आणून दिला. साहेबांनी चहा पाठवला, एकच कप.

माझ्या हातून तो काटा कधी बंद पडलेला नाही.

काल तो रजेवर होता. तोच पाववाला ड्रायव्हर दारात आला. मी खुर्चीतच बसलो होतो. माझ्याकडे बघत तो मागच्याला ओरडला, "भितर कोणूच ना रे!"