मागून आणलेली गाडी

दुसऱ्याची वस्तू वापरावी तर आमच्या मोर्शीच्या ताईनं. अमरावतीच्या वसतिगृहात ती माझ्या दोन वर्षं पुढं होती. शेजारच्या काकूंची मोपेड मागून आणायची, सीट टोचली तर गोणपाटाची घडी टाकायची, बाकी कशाला हात लावायची नाही. परत देताना पुसून द्यायची. काकू तिला आपणहून चावी द्यायच्या. मी मात्र एकदा त्याच मोपेडचा आरसा, हॉर्न, ब्रेक सगळं माझ्या मनासारखं करून ठेवलं, तेव्हापासून मला चावी मिळेना. माझं पोट तेव्हापासूनच दुखतं.

पुढं नोकरीतही ती माझ्या आधी हजर. अंतराळयानांचं काम, दक्षिणेतलं मोठं शहर, पुण्याची साहेब मंडळी. मी माझं अकोल्याचं बोलणं घासूनपुसून काढलं, तरी बैठकीत माझ्याकडे कुणी मान वळवत नसे. ही बिनधास्त ‘मले’, ‘तुले’ करायची आणि सगळे कान देऊन ऐकायचे.

मग ते काम आलं. अंतराळस्थानकावर कुणी आजारी पडलं तर लगेच खाली आणायला एक यान कायम जोडून ठेवायचं होतं. ज्याचा आराखडा मंजूर होईल, तोच या कामाचा प्रमुख. मला ती खुर्ची हवी होती. मी दारापासून आसनापर्यंत नवं कोरं यान कागदावर काढलं. ताई म्हणाली, उडून-उतरून पारखलेलं परदेशी यान घ्या. आजारी माणूस आडवा मावेल असं आसन करा, आपल्या स्थानकाच्या दाराला बसेल असं जोडकडं लावा, बस.

दुसऱ्याचं यान घेण्यात कमीपणा नाही का, असं साहेबांनी विचारलं.

“सायेब, वर मानूस आजारी पडून हाये अन् आपन खाली गाडीच बांधून राहिलो, हे पटते का तुमाले?”

माझी फाईल तिथंच मिटली. ताई बरोबर होती, म्हणून तर जास्त झोंबलं. पुढं वर्षभर मी तिच्या आराखड्यातली एकेक चूक हुडकून बैठकीत मांडली. ती शांतपणे दुरुस्त करत गेली.

गेल्या वर्षी ते यान बनतं त्या देशात तिची रवानगी झाली. निरोपाच्या चहाला साहेबांनी विचारलं, इथलं काम कुणाकडे द्यायचं?

ताईनं माझ्याकडे बोट केलं. “हिले द्या. माह्या चुका सगळ्यात आधी हिलेच दिसतेत.”

सगळे हसले, मीही हसले. हवी होती ती खुर्ची अखेर मिळाली, पण तिच्या हातून. गेलं वर्षभर मी त्या खुर्चीवर बसते आहे आणि अजून माझा जळफळाट होतो.